मिश्र व्हाइट वाइन म्हणजे भेसळ नव्हे

‘दोन-तीन द्राक्षांची व्हाइट वाइन म्हणजे उरलंसुरलं एकत्र केलेलं’ हा फॉरवर्ड बेळगाव-निपाणीकडेही वर्षानुवर्षं फिरतो. शंका रास्त आहे. आपल्याकडे ‘मिसळलेलं’ म्हटलं की पाणी घातलेलं दूधच आठवतं.

पण फ्रान्सच्या बोर्दो भागात सोव्हिन्यों ब्लाँ या द्राक्षाचा आंबटपणा आणि सेमियों या दुसऱ्या द्राक्षाचा भरदारपणा मुद्दाम जुळवतात. युरोपात तर लेबलावर एकाच जातीचं नाव असलं तरी १५ टक्क्यांपर्यंत दुसरी द्राक्षं चालतात! म्हणजे ‘शुद्ध’ समजून घेतलेली बाटलीही मिश्र असू शकते.

पडताळायचं तर लेबल झाकून एकजाती आणि मिश्र, दोन्ही कोरड्या (म्हणजे गोडवा नसलेल्या) वाइन साधारण १० अंशांवर थंड करून तळलेल्या बांगड्यासोबत घोट-घोट चाखा. कुंदा मात्र लांब ठेवा. गोडावर कोरडी वाइन उगाच आंबट लागते, आणि दोष मिश्रणावर जातो.