‘मोठ्या विषाणूंवरील औषध’: एका दाव्याची पार्श्वभूमी

जिवाणू आणि विषाणू या दोहोंवर चालणारे एकच औषध घडवण्याची कल्पना आज नवी म्हणून मांडली जात असली, तरी असे औषध हाती आल्याची समजूत १९४८ नंतर लगेचच रूढ झाली होती. त्या वर्षी क्लोरटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक वापरात आले आणि ते ज्यांवर चालते त्यांत जिवाणू व रिकेट्सिया (पेशींच्या आतच वाढणारे सूक्ष्म जिवाणू, जे तेव्हा वेगळे मोजले जात) यांबरोबर ‘मोठे विषाणू’ हा गटही मोजला जाऊ लागला.

या शब्दाकडे बारकाईने पाहायला हवे. डोळ्यांच्या खुपऱ्या, पोपटांपासून माणसाला होणारा सिटॅकोसिस आणि जांघेत गाठी आणणारा एक गुप्तरोग यांचे कारक विषाणूंत धरले जात, कारण ते जिवंत पेशींबाहेर वाढत नसत आणि प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी कोंबडीची रुजवलेली अंडी लागत. खुपऱ्यांच्या रुग्णाची पापणी उलटून आतला भाग खरवडला आणि तो गिम्सा रंगाने रंगवला, की पेशीच्या केंद्रकालगत बारीक कणांचा पुंजका दिसे. १९०७ मध्ये जावा बेटावर तो प्रथम नोंदला गेला होता. या कणांत डीएनए आणि आरएनए दोन्ही आहेत, स्वतःचे रायबोसोम (प्रथिने बनवणारे घटक) आहेत आणि ते दुभागून वाढतात, ही जिवाणूंची लक्षणे १९६०च्या दशकात मान्य झाली व हे कारक, म्हणजेच क्लॅमिडिया, जिवाणूंत गेले. त्याआधी ‘विषाणूजन्य’ समजल्या जाणाऱ्या एका न्यूमोनियाचा कारकही १९६२ मध्ये मायकोप्लाझ्मा हा पेशीभित्ती नसलेला जिवाणू ठरला. म्हणजे औषध ज्यांवर चालले होते, ते विषाणू नव्हतेच. वर्गीकरण दुरुस्त झाले. परंतु साध्या सर्दी-तापावर प्रतिजैविक देण्याची सवय त्याबरोबर दुरुस्त झाली नाही, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

खरे दुहेरी गुणही सापडले. क्षयावरील रिफॅम्पिसिन देवीच्या लशीतील विषाणूला रोखते, हे १९६९ मध्ये दिसले. मात्र त्यासाठी मात्रा फार मोठी लागे आणि जिवाणूतील ज्या विकरावर ते काम करते, त्याच्याशी या परिणामाचा संबंध नव्हता. उलट बाजूने, एचआयव्हीवरील झिडोवुडिन ई. कोलायसारख्या जिवाणूंनाही मारते.

करोनाच्या साथीत ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. पेशींवरील प्रयोगांत ते काही विषाणूंची वाढ रोखते, हा आधार होता. परंतु २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या, रुग्णालयांत दाखल झालेल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवरील ब्रिटनमधील चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. जिवाणूंसाठी घडवलेल्या ब्रिलासिडिनची चाचणीही त्याच वर्षी करोना रुग्णांवर झाली आणि तिचे मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. शरीरातील संरक्षक पेप्टाइडांच्या धर्तीवर रचलेले हे औषध जिवाणूचे पटल आणि विषाणूचे मेदावरण या दोहोंवर आघात करते. विषाणू ते आवरण आपल्याच पेशींकडून उचलत असल्याने पेशींना धक्का न लावता ते फोडणे अवघड जाते, आणि पोलिओसारख्या आवरणच नसलेल्या विषाणूंवर हा मार्ग लागू पडत नाही.