मिथायलेशन नकाशासाठी लायब्ररी पाठवण्यापूर्वी: डीएनए कोणत्या बफरमध्ये आहे?

मिथायलेशन म्हणजे डीएनएतील सायटोसिन या बेसवर मिथिल गट असणे. निपाणी, धारवाड आणि कोल्हापूर येथून आमच्या बेळगावच्या प्रयोगशाळेत रूपांतर व सिक्वेन्सिंगसाठी येणाऱ्या, अडॅप्टर (टोकांना जोडलेले ठरावीक क्रमाचे छोटे डीएनए) जोडलेल्या अनेक लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेले डीएनएचे तुकडे) नेहमीच्या टीई बफरमध्ये (ट्रिस आणि ईडीटीएच्या द्रावणात) असतात. त्या आम्ही थेट प्रक्रियेस घेत नाही, त्यामुळे निकालास उशीर होतो. यामागचे कारण येथे देत आहोत.

आम्ही वापरतो त्या एंझाइमी पद्धतीत टेट२ हे एंझाइम मिथिल गट असलेल्या सायटोसिनचे ऑक्सिडीकरण करून त्याला संरक्षण देते. नंतर अपोबेक हे दुसरे एंझाइम उरलेल्या सायटोसिनचे युरॅसिल करते (हेच रूपांतर) आणि ते थायमिन म्हणून वाचले जाते. टेट२ लोहाच्या आयनांवाचून चालत नाही, आणि ईडीटीए हे धातूंचे आयन बांधणारे रसायन नेमके तेच लोह धरून ठेवते. टीईमध्ये ईडीटीए १ मिलीमोलर असते. ५० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत असा २८ मायक्रोलिटर नमुना घातला, तर ईडीटीए ५६० मायक्रोमोलर होते, आणि लोह असते ४० मायक्रोमोलरच्या आसपास. “याच डीएनएवर आमचा पीसीआर उत्तम होतो” हे ग्राहकांचे म्हणणे खरेच आहे (पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत). परंतु पीसीआरमध्ये नमुना एखाद-दुसरा मायक्रोलिटर जातो आणि मॅग्नेशियम मिलीमोलर प्रमाणात असते, म्हणून थोडे ईडीटीए तिथे आड येत नाही.

ही चूक वरवर दिसत नाही, ही खरी अडचण. लायब्ररी व्यवस्थित वाढते, रीड्सही (वाचलेले डीएनए-क्रम) भरपूर मिळतात. मात्र संरक्षण न लाभलेले मिथिलयुक्त सायटोसिनही अपोबेक बदलून टाकते आणि नकाशात मिथायलेशन प्रत्यक्षाहून कमी भरते. म्हणूनच डीएनएचे तुकडे करण्यापूर्वी मिसळण्यासाठी आम्ही मिथायलेशन नसलेला लॅम्डा (एका विषाणूचा डीएनए) आणि मिथिलयुक्त पीयूसी१९ (एक प्लाझ्मिड) असे दोन कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे डीएनए, देतो. त्यांच्यावर रीड्स खर्ची पडतात अशी तक्रार असते, पण पीयूसी१९ मधील मिथायलेशन घटले तर टेट२ कमी पडले आणि लॅम्डात मिथायलेशन दिसले तर अपोबेक कमी पडले, हे दुसऱ्या कशावरून कळणार?

शेवटच्या क्लीनअपनंतर (शुद्धीकरणानंतर) डीएनए १० मिलीमोलर ट्रिस, पीएच ८.० मध्ये किंवा न्यूक्लिएजमुक्त पाण्यात घ्यावा. किटातल्या इल्यूशन बफरमध्येही (डीएनए बाहेर काढण्याच्या द्रावणात) कधीकधी ईडीटीए असते, तेव्हा माहितीपत्रक वाचावे. टीईमधील नमुना आम्ही मॅग्नेटिक बीड्सने स्वच्छ करून देतो. त्याचे शुल्क वेगळे आहे आणि थोडा डीएनए गमावला जातोच. रक्त मात्र ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेले चालते, कारण डीएनए वेगळा करताना ईडीटीए धुतले जाते. अडॅप्टर मिथिलयुक्त सायटोसिनचेच असावेत. साध्या अडॅप्टरचा क्रम रूपांतरात बदलतो आणि लायब्ररी वाढतच नाही.

बायसल्फाइट या रसायनाने रूपांतर करण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा ही पद्धत महाग पडते, हे मान्य आहे. पण बायसल्फाइटने डीएनए तुटतो, तर येथे १० नॅनोग्रॅमवरही काम होते, आणि बायोप्सीच्या नमुन्यात अनेकदा तेवढाच हाती असतो. उसाच्या आधुनिक वाणांचा जीनोम सुमारे १० अब्ज बेसचा असल्याने संपूर्ण नकाशाचा खर्च मोठा होतो. अशा कामाची मागणी नोंदवण्यापूर्वी आमच्याशी बोलावे, त्या सल्ल्याचे शुल्क नाही.