लाल दिवा आणि करडा पडदा

चवथीच्या दोन दिवस आधी आतेच्या घरी, आगरवाड्याला, माळ्यावरून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट उतरवत होतो. चौकटीमागून साड्यांचा एक जुना खोका निघाला. आत १९९० च्या दशकातला व्हिडिओ गेम: करड्या प्लास्टिकचं यंत्र, दोन कंट्रोलर, खेळ भरलेल्या, रंग विटलेल्या चार पिवळ्या कार्टरिज आणि वीट उचलल्यासारखा जड अडॅप्टर. भाच्याने वायर साफसुद्धा न करता प्लगमध्ये घातली, बटण दाबलं. लाल दिवा लागला नाही.

"मामा, मेला हा."

‘मेला’ हे काही निदान नव्हे. डॉक्टरही नाडी बघतो, मग बोलतो. इथली नाडी म्हणजे पाच व्होल्ट. भिंतीतले २३० व्होल्ट अडॅप्टरमध्ये नऊच्या आसपास येतात, यंत्रात त्यांचे पाच होतात आणि त्या पाचावर सगळ्या चिप जगतात. म्हणून तपास भिंतीकडून आत करत जायचा. चिपवर संशय सगळ्यात शेवटी. यूट्यूबवरची मंडळी नेमकं उलटं करतात, पहिल्या मिनिटाला स्क्रू काढून बसतात.

अडॅप्टरवर ९ व्होल्ट छापलेलं, मल्टिमीटर मात्र १३ च्या जवळ दाखवत होता. भाच्याला वाटलं चोर सापडला. तसं नव्हतं. हे जुने जड अडॅप्टर म्हणजे एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर, बास. भार नसताना ते व्होल्टेज चढवून ठेवतात आणि यंत्र जोडलं की खाली उतरतात. तेव्हा १३ म्हणजे अडॅप्टर ठणठणीत. त्यापेक्षा धोका असतो प्लगच्या आतल्या टोकाचा. फॅमिकॉमच्या (आमचं यंत्र ज्याची नक्कल, त्या निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या) जातीत मधली पिन ऋण असते. सेगाच्या पहिल्या मेगा ड्राइव्हमध्येही ऋण, पण दुसऱ्या मॉडेलमध्ये धन. अमेरिकेत विकलेल्या निन्टेन्डो एनईएसला तर ९ व्होल्टचा एसी लागतो. प्लग भोकात बसला म्हणून अडॅप्टर जुळला असं समजणाऱ्यांनी बरीच यंत्रं जाळली आहेत. अडॅप्टरवर वर्तुळाचं ते छोटं चित्र असतं ना, ते बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

मग यंत्र उघडलं. पाच स्क्रू, आत एक पाल केव्हाचीच वाळून गेलेली, आणि तळहाताएवढी सर्किटची पाटी. ॲल्युमिनियमच्या पट्टीला तीन पायांचा ७८०५ जखडलेला. हा व्होल्टेज रेग्युलेटर: एका पायात नऊ-दहा व्होल्ट घ्यायचे, दुसऱ्यातून बरोबर पाच द्यायचे आणि मधला फरक उष्णता करून फेकून द्यायचा. नवातून पाच काढताना अर्धा अँपिअर प्रवाह वाहत असेल तर २ वॅट नुसते तापण्यात जातात, म्हणून ती पट्टी. बाहेरच्या पायावर शून्य. आत येणाऱ्या पायावरही शून्य! म्हणजे रेग्युलेटर निर्दोष, त्याच्यापर्यंत वीज येतच नव्हती.

उरली अडॅप्टरची खोबण. भिंग लावून पाटी उलटी धरली तर खोबणीच्या पिनभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसली. सोल्डर, म्हणजे जुन्या माणसांच्या बोलीत डाख, मऊ धातू असतो. मुलांनी रोज प्लग खुपसायचा आणि उपसायचा, आणि प्रत्येक वेळी त्या डाखाने तो धक्का खायचा. वर्षानुवर्षं खाल्ल्यावर तो पिनभोवती गोल तडकतो. पिन जागच्या जागी दिसते, पण धातूला धातू लागत नाही.

असा डाख परत द्यायचा तर नुसतं तापवून भागत नाही. कल्हईवाला आठवा. तांब्याचं भांडं तापवून तो कथील लावायच्या आधी नवसागराची चिमूट टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा. तो धूर नाटक नव्हता. नवसागर तापला की भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खातो, आणि उघड्या तांब्यावरच कथील धरतं. पाटीवर हेच काम राळ करते, सोल्डरच्या तारेच्या पोटात ती भरलेलीच असते. जुन्या सोल्डरमध्ये ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं, वितळायला १८३ अंश सेल्सिअस पुरतात. नवसागर मात्र इथे चुकूनही नको, मागे राहिला तर पाटीच खाईल. जुना डाख शोषून काढला, नवा दिला. खिडकी उघडी ठेवली, शेवटी हात धुतले.

लाल दिवा लागला. टीव्हीवर मात्र नुसता करडा पडदा.

माझ्या मते खरी गंमत इथून सुरू होते. या यंत्रांना स्वतःचं असं काहीच माहीत नसतं. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची ही नक्कल. मूळ यंत्रात रिको कंपनीची चिप सेकंदाला सुमारे १७.९ लाख ठोके मारते आणि तिच्या हाताशी कामाची स्मृती फक्त २ किलोबाइट. व्हॉट्सॲपवरचं गणपतीचं स्टिकरसुद्धा त्यात मावणार नाही. विंडोज-अँड्रॉइडसारखी व्यवस्था आत नसतेच. जागं झाल्यावर काय करायचं, हे सगळं कार्टरिजमध्ये.

जागी झाल्याझाल्या चिप एकच गोष्ट करते. पत्ता क्रमांक ६५,५३२ आणि ६५,५३३ वरचे दोन आकडे वाचते. पोथीत कुठून वाचायला लागायचं ती खूण जशी घालून ठेवतात, तसे हे दोन आकडे. समजा तिथे ० आणि १२८ आहेत. चिप दुसऱ्याला २५६ ने गुणते, पहिला मिळवते आणि उत्तर येतं ३२,७६८. त्या पत्त्यावर खेळाची पहिली आज्ञा असते. हे आकडे आठ तारांवरून येतात, एकेका तारेवर हो किंवा नाही. १२८ मध्ये फक्त आठवी तार ‘हो’ म्हणते. तेवढी एकच पिन लागली नाही आणि ‘नाही’ वाचली गेली, तर १२८ चा शून्य होतो आणि चिप ३२,७६८ ऐवजी थेट पत्ता शून्यवर जाते. तिथे असते तिची स्वतःचीच कामाची स्मृती, वीज आल्याक्षणी कचऱ्याने भरलेली. चिप तो कचराही आज्ञा म्हणून मुकाट पाळते. आपल्याला दिसतो करडा पडदा.

साठ पिनांमधली एक.

चित्र काढणाऱ्या चिपच्या तारा वेगळ्या असतात, त्यामुळे ओळखायची एक सोय आपोआप होते. संगीत नीट वाजतंय, उडी मारल्याचा आवाज येतोय, पण पडद्यावर चौकोनी तुकड्यांची खिचडी असेल, तर पोथीची बाजू ठीक आहे आणि चित्राच्या बाजूची पिन अडली आहे.

पिन का अडली, त्याचं उत्तर आतेच्या स्वयंपाकघरात होतं. आषाढ-श्रावणात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, म्हणून ती बरणीत तांदळाचे चार दाणे टाकते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वयंपाकाचं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या पुढेच ओलं व्हायला लागतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, आणि भर पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. त्यात हे घर शापोरा नदीकाठचं, गावची मिठागरं जवळ, पलीकडे मोरजीचा किनारा. लाटा फुटताना बुडबुड्यांतून मिठाचे बारीक कण उडतात, वाऱ्यावर येतात आणि कौलांच्या फटीतून माळ्यावरच्या खोक्यात जाऊन बसतात. मग ते ओले होतात. खारं पाणी म्हणजे वीज वाहून नेणारं द्रावण. कार्टरिजच्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा स्वस्त नक्कलींमध्ये नावापुरताच असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून खालचं तांबं गंजतं आणि हिरवं फुटून वर येतं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, तोच हा कळक.

आणि त्यावर आम्ही सगळे लहानपणी काय करायचो? फुंकर मारायचो! तोंडातली हवा दमट, वर थुंकीचे तुषार, म्हणजे गंजाला आणखी खुराक. मग फुंकर मारून गेम चालायचा कसा? फुंकरीमुळे नव्हे. कार्टरिज काढून परत घालताना खोबणीच्या पिना पट्ट्यांवर घासल्या जायच्या आणि गंजाचा थर खरवडला जायचा. श्रेय फुंकरीला मिळायचं.

आम्ही इअरबड आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं. कोविडच्या काळात उरलेलं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि बहुतेक वेळा ग्लिसरीन, ते चिकटून बसतं. दारातून भावोजींनी फेणी सुचवली. फेणीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून ती तिच्या नेहमीच्या कामासाठी राखून ठेवली. पहिले सहा इअरबड हिरवे-काळे निघाले, सातवा राखाडी, दहावा पांढरा. हट्टी डागावर पेन्सिलचा खोडरबर दोनदा हलका फिरवला. त्याहून जास्त नको, उरलासुरला मुलामा जातो. मग पंख्याखाली पूर्ण वाळू दिलं. इथे घाई करून बरेच जण फसतात.

चित्र आलं. सोबत ‘घूंऽऽ’ असा बारीक आवाजही आला. ही भिंतीतल्या ५० हर्ट्झची दुप्पट, १०० हर्ट्झची गुणगुण, आणि तिचा संशयित रेग्युलेटरशेजारचा डब्यासारखा कपॅसिटर. त्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन गुंडाळ्यांमध्ये ओला कागद असतो. तो वाळत गेला की कपॅसिटरची व्होल्टेजचे चढउतार गिळायची ताकद जाते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांना २००० तास टिकेल असं छापलेला कपॅसिटर ४५ अंशांना १,२८,००० तास चालावा. ८५ अंश आणि १००० तास छापलेला स्वस्त जातीचा मात्र त्याच ४५ अंशांना १६,००० तासांतच थकतो. आमचा ८५ चाच होता, तोही तापणाऱ्या पट्टीला टेकून बसवलेला. तेवढाच बदलला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, आणि पांढरा ऋण पट्टा त्याच बाजूला. उलटा लावला तर फटाका. जुन्या यंत्रातले सगळेच कपॅसिटर सरसकट उपटायची आता फॅशन आहे, ती मला पटत नाही. तीस वर्षांच्या पाटीवरून प्रत्येक पाय काढताना खालची तांब्याची चकती निघून येण्याची भीती असते. जो आजारी, त्यालाच हात लावावा.

चिपकडे शेवटपर्यंत जावंच लागलं नाही. या नक्कलीत ती डांबरासारख्या दिसणाऱ्या एपॉक्सीच्या काळ्या टिपक्याखाली गाडलेली असते. ती गेली असती तर करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या कंट्रोलरचं डावीकडचं बटण अजून लागत नाही. उघडून पाहिलं तर रबराखालची कार्बनची काळी गोळी झिजून गुळगुळीत झालेली. पेन्सिलीचं ग्रॅफाइट चोळून आठवडाभर चालेल, पण आतेने हाक मारली. माटोळीला नारळ बांधायचे राहिले होते. रात्री आरत्यांनंतर भाचा तोच कंट्रोलर घेऊन बसला आणि फक्त उजवीकडे धावत तिसऱ्या पातळीपर्यंत पोचला.