मुलाला कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर: मानसिक आणीबाणीत सही कुणाची, कागद कोणते

अठरा वर्षांखालच्या मुलानं स्वतःला इजा करून घेतली, काही प्यालं, किंवा अचानक असंबद्ध बोलू लागलं आणि कुणाला आवरेना, तर सरळ कॅज्युअल्टी गाठायची. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. पण त्याआधी वाटेत दवाखाना लागत असेल तर तिथेच थांबा. मनोविकारतज्ज्ञ नसला तरी चालतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९४ नुसार जिवाला धोका किंवा गंभीर इजेची भीती असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो. ही मुभा ७२ तासांची, किंवा मानसिक आरोग्य संस्थेत तपासणी होईपर्यंतची; यातलं जे आधी घडेल ते.

या टप्प्यावर पात्रतेची अट नाही आणि कागदही लागत नाही. आधार घरी राहिलं म्हणून परत पळू नका. न्यायचंच तर आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जे प्यालं त्याची बाटली न्या. द्राक्षबागेच्या फवारणीचं औषध असेल तर लेबलवरचं घटकाचं नाव डॉक्टरांना लगेच हवं असतं, कारण उतारा त्यावर ठरतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा गावठी उपाय अजिबात करू नका.

‘चुकून प्यालं’ असं सांगायचा मोह घरच्यांना होतो, तो पोलिसांच्या धास्तीनं. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करतं, पोलीस जबाब घ्यायला येतात, हे खरं. पण याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात. शिक्षा होत नाही. आणि पोलीस येईपर्यंत उपचार अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय. डॉक्टरांना मात्र खरं सांगा.

खरी अडचण सहीची. जावळी-पाटणकडे आईवडील मुंबईला आणि पोरं आजी-आजोबांकडे, अशी घरं कमी नाहीत. कायद्यानं अल्पवयीन मुलाचा प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीनं संमती देणारा, हा त्याचा कायदेशीर पालक. तातडीच्या उपचारांना त्याची संमती ‘तो उपलब्ध असेल तर’ लागते, म्हणून आजी एकटीच असली तरी उपचार थांबत नाहीत. मात्र त्यापुढे मनोविकार विभागात भरती करायची तर कलम ८७ लागू होतं आणि अर्ज पालकानंच करायचा असतो. तेव्हा कॅज्युअल्टीतूनच आईवडिलांना फोन करून निघायला सांगा.

या भरतीसाठी भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी (डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञ) मुलाला वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं. त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे. भरती हा अपवादात्मक उपाय आहे, घरी ठेवून उपचार होत असतील तर तोच मार्ग. मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, सोबत पालक किंवा त्यानं नेमलेलं माणूस पूर्णवेळ हवं. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबतीला बाईमाणूस सक्तीचं. मावशी-आत्याला आधीच विचारून ठेवा. ७२ तासांत रुग्णालय मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवतं. पालकानं मागितलं तर सुट्टी द्यावी लागते.

कागद आता काढायचे: पालकाचं आणि मुलाचं आधार, वयासाठी जन्मदाखला किंवा शाळेचा बोनाफाईड, पालक आईवडिलांव्यतिरिक्त कुणी असेल तर पालकत्वाचा न्यायालयीन आदेश. सरकारी योजनेतून खर्च बसतोय का हे पाहायला रेशनकार्डही जवळ ठेवा.

सुट्टी होताना डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी आणि ओपीडीची पुढची तारीख लिहून घ्या. शाळेला आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. घरी आल्यावर रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.