व्हिटबीचे दोन अमोनाइट: डॅक्टिलिओसेरस की हिल्डोसेरस?

इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर, व्हिटबीच्या कड्यांमधून निघणाऱ्या अमोनाइटांमध्ये, म्हणजे नामशेष झालेल्या गुंडाळीदार शंखाच्या सागरी प्राण्यांच्या जीवाश्मांमध्ये, या दोन प्रजातींची अदलाबदल हमखास होते. तशी व्हायला कारणंही आहेत. दोन्ही सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ज्युरासिकच्या पहिल्या टप्प्यातल्या. दोन्हींच्या शंखाचे वेढे सैल. आतले छोटे वेढेही उघडे दिसतात. बरेचसे नमुने तळहातात मावतील एवढेच.

बहुतेक जण जीवाश्म आडवा धरून त्याची बाजू न्याहाळतात. माझं मत, आधी तो उभा धरून बाहेरची कड बघावी. डॅक्टिलिओसेरसची कड गोलसर असते, तिच्यावर कणा, म्हणजे उठलेली धार, नसतो. बाजूवरून आलेल्या बारीक, दाट वळ्यांना कडेजवळ बहुधा दोन फाटे फुटतात आणि त्या न तुटता पलीकडे उतरतात. त्यामुळे सगळं रूप गुंडाळून ठेवलेल्या दोरासारखं. हिल्डोसेरसच्या कडेवर मात्र मधोमध कणा उठलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक चर. वेढ्याचा छेद जवळपास चौकोनी. शिवाय बाजूवरही एक उथळ चर वेढ्याबरोबर फिरत जातो. त्याच्या आतला भाग बराचसा गुळगुळीत, बाहेरच्या भागात बाकदार वळ्या. हिल्डोसेरस बायफ्रॉन्स या जातीत हे सगळं अगदी ठसठशीत दिसतं. लाटांनी घासलेल्या तुकड्यात कणा झिजलेला असतो, तेव्हा बाजूच्या चराचा माग काढावा.

घोटाळ्यात भर घालते ती दंतकथा. सातव्या शतकात व्हिटबीच्या मठाची प्रमुख असलेल्या संत हिल्डाने तिथल्या सापांचे दगड केले, असं सांगतात. मग या सापांना मुंडकी नाहीत कशी? कारागिरांनी ती कोरून दिली आणि असे ‘साप’ विकलेही. कोरायला बहुधा डॅक्टिलिओसेरसच घेत, कारण त्याचा गोल वेढा सापाच्या अंगाशी जुळतो. हिल्डाचं नाव मात्र मिळालं दुसऱ्यालाच! त्यामुळे मुंडकं कोरलेला नमुना दिसला की त्याला हिल्डोसेरस म्हणून मोकळं होऊ नये.

खडकाचा थर माहीत असेल तर थोडी मदत होते. टोआर्सियन काळाच्या, म्हणजे ज्युरासिकच्या पहिल्या टप्प्यातल्या शेवटच्या भागाच्या, अगदी तळच्या थरांत डॅक्टिलिओसेरस भेटतो, हिल्डोसेरस नाही. तो नंतर येतो, आणि त्याच्या काळातल्या थरपट्ट्याला बायफ्रॉन्स हेच नाव दिलं आहे. त्या पट्ट्यात दोघे एकत्र सापडतात, म्हणून थरावरून नाव ठरवणं चालतं ते खालच्या थरांपुरतंच.