मुलावर गुन्हा नोंद झाला तर: सांगलीत बाल न्याय मंडळाकडे पुनर्वसनाचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्हा नोंद झाला की घरचे जामिनामागे धावतात. तेवढ्यातच परिविक्षा अधिकाऱ्यांचा (मुलाच्या घरची, शाळेची माहिती काढणारे अधिकारी) सामाजिक तपासणी अहवाल तयार होत असतो आणि मुलाचं पुढं काय होणार, हे बरंचसं त्यावर ठरतं. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढं, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळापुढं, हजर करावं लागतं. अहवालाची मुदत 15 दिवस. तेवढ्यात कागद जमवा आणि अधिकाऱ्यांना भेटा.

“राहू दे चार दिवस आत, अक्कल येईल,” असं भावकीत कुणीतरी म्हणतंच. ऐकू नका. अमेरिकेत मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम झाले. त्यांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर उलट दिसलं: या मुलांकडून पुढं गुन्हे जास्तच घडले. राग आवरणं, संगत ओळखणं यावरचं समुपदेशन आणि त्यात आईवडिलांचा सहभाग, याचा उपयोग होतो. याच कायद्याच्या कलम 18 खाली मंडळ समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या ताब्यात 3 वर्षांपर्यंत परिविक्षा (चांगल्या वागणुकीच्या अटीवर सुटका), शिवाय शाळा, व्यवसाय प्रशिक्षण किंवा व्यसनमुक्तीचा आदेश देऊ शकतं. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असेल तर आधी प्राथमिक मूल्यांकन होतं, म्हणजे खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हे तपासलं जातं. तिथं वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, मुलांसाठी उत्पन्नाची अट नाही.

मंडळाकडच्या पुनर्वसनाच्या अर्जात “मुलगा चांगला आहे, माफी असावी” एवढं लिहून भागत नाही. मुलाचा दिवस कसा जाईल ते मांडा: आई तासगावला द्राक्षबागेत मजुरीला जाते, सातला परतते, तोवर मुलगा चुलत्याकडं बसेल, सकाळी आयटीआयला जाईल.

वयासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधारवर विसंबू नका. सोबत बोनाफाईड किंवा प्रवेशाची पावती, रेशनकार्ड, पालकांचं ओळखपत्र आणि उपचार चालू असतील तर त्यांचे कागद. बोनाफाईड मागताना शाळेत गुन्ह्याचा तपशील सांगत बसू नका. मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या घरांना वेगळीच धास्ती असते. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी त्याची नोंद उघड करायची नाही, असं कलम 74 सांगतं. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत मागून घरी जपून ठेवा.