सरळ चेहऱ्याची बातमी: ब्रिटिश उपहासलेखनामागचा कायदा

ब्रिटिश उपहासात्मक बातमी खऱ्या बातमीच्या सुरात लिहितात. मथळा तसाच, 'सूत्रांकडून कळतं' तसंच, प्रवक्त्याचा खुलासाही तसाच. वेडेपणा असतो तो फक्त घटनेत. समजा मथळा असा आहे: 'गाडी तीन तास उशिरा, गैरसोयीबद्दल प्रवाशांनी गार्डची माफी मागितली'. खाली चार ओळींत स्टेशनचं नाव, गाडीची वेळ, एका प्रवाशाचं वय आणि 'आम्ही जरा जास्तच अपेक्षा ठेवली' ही त्याची प्रतिक्रिया. लिहिणारा कुठेही स्वतः हसत नाही, म्हणून वाचणाऱ्याला हसू फुटतं. त्यातून रेल्वेवर जी टीका होते, ती अग्रलेखातल्या टीकेपेक्षा जास्त दिवस लक्षात राहते.

हा सूर छापील मजकुरातच का मुरला, याचं एक कारण कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये छापण्याआधी परवाना घेण्याची सक्ती १६९५ सालीच संपली. नाटकावरची पूर्वतपासणी मात्र १७३७ च्या कायद्याने घट्ट झाली आणि थेट १९६८ पर्यंत टिकली. रंगमंचावर जे बोलता येत नव्हतं, ते कागदावर उतरलं. १७०८ साली लंडनमध्ये एका भविष्य सांगणाऱ्या पंचांगवाल्याच्या मरणाची तारीखच आधी छापली गेली, आणि ती तारीख उलटताच त्याच्या मृत्यूचं रीतसर वृत्तही आलं. बिचारा जिवंत होता आणि तसं छापून सांगत बसला. १७३८ साली संसदेने आपल्या चर्चांचं वृत्त छापायला मनाई केली, तेव्हा एका मासिकाने त्याच चर्चा 'लिलिपुटच्या सिनेट'मधल्या, म्हणजे गलिव्हरच्या गोष्टीतल्या बुटक्यांच्या देशातल्या, म्हणून छापल्या. पंतप्रधानाच्या नावातली अक्षरं उलटसुलट केली होती, पण तो कोण हे कुणालाही कळत होतं. १८४१ साली लंडनला निघालेलं सचित्र व्यंग-साप्ताहिक इतकं गाजलं की १८५४ मध्ये मुंबईतल्या पारशी मंडळींनी त्याच धर्तीवर आपलं व्यंगपत्र काढलं.

आज जी शैली आपण ओळखतो ती मात्र १९६१ नंतरची. त्या वर्षी लंडनमध्ये एक पाक्षिक सुरू झालं. स्वस्त कागद, ओबडधोबड मांडणी, मुखपृष्ठावर एखाद्या पुढाऱ्याचा फोटो आणि त्याच्या तोंडी संवादाचा फुगा. आत एका पानावर निव्वळ थट्टा, तर पुढच्या पानावर नगरपालिकेतली लाचखोरी, बँकांचे घोटाळे, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतली खरी भानगड. हा शेजार महत्त्वाचा आहे. थट्टेसाठी अंक विकत घेणारा माणूस भ्रष्टाचाराची बातमीही वाचून जायचा, आणि आतली बातमी खरी असल्यामुळे थट्टेलाही वजन यायचं.

इंग्लंडच्या बदनामी कायद्यात मजकूर खोटा आहे हे फिर्यादीने सिद्ध करायचं नसतं. तो खरा आहे हे छापणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. त्यामुळे प्रत्येक पबमध्ये बोललं जाणारं सत्यही छापता यायचं नाही. १९६७ साली परराष्ट्रमंत्र्याचं दारू पिणं हे असंच उघड गुपित होतं. पाक्षिकाने एक बनावट परिपत्रक छापलं: मंत्रिमहोदयांची अवस्था परदेशी भाषांत कशी वर्णन करावी, याची शब्दसूची. त्यातून 'थकलेले आणि भावनावश' हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि पुढे तो साऱ्या ब्रिटिश पत्रकारितेने उचलला. सभ्य शब्दांची झालर लावायची आणि आतला अर्थ वाचकाने ओळखायचा. वाचकाला त्यात आपण जाणकार असल्याचा आनंद मिळतो. मला वाटतं, या लेखनाची अर्धी ताकद तिथेच आहे.

झालर लावली म्हणून कोर्ट सुटतं असं नाही. सूचित अर्थावरही दावा चालतो. १९७६ साली एका धनाढ्य उद्योगपतीने या पाक्षिकावर आणि त्याच्या वितरकांवर साठाहून जास्त दावे ठोकले, शिवाय फौजदारी बदनामीचा खटला चालवायची परवानगीही मिळवली. वितरकांना ओढण्यामागचा डाव साधा होता: दुकानात अंकच ठेवला नाही तर छापून उपयोग काय? वाचकांनी वर्गणी गोळा केली, आणि १९७७ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं.

सगळ्यात वादग्रस्त निकाल १९८९ चा. तेरा स्त्रियांच्या खुनाबद्दल १९८१ साली शिक्षा झालेल्या माणसाच्या पत्नीने आपली कहाणी एका वृत्तपत्राला अडीच लाख पौंडांना विकायचा सौदा केला, असं पाक्षिकाने छापलं होतं. तिने दावा लावला. पाक्षिकाला आपलं म्हणणं सिद्ध करता आलं नाही, आणि ज्युरीने तिला सहा लाख पौंड भरपाई दिली. तोवर ब्रिटनमध्ये बदनामीसाठी एवढी रक्कम कुणालाच मिळाली नव्हती. कोर्टाबाहेर संपादक म्हणाला, 'याला न्याय म्हणत असाल तर मी केळं आहे.' ते वाक्य निकालापेक्षा जास्त गाजलं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. पाक्षिक हरलं ते विनोदामुळे नव्हे, एका साध्या वस्तुस्थितीच्या विधानामुळे. चूक बातमी छापली तर तिची किंमत मोजलीच पाहिजे. पण एका छोट्या प्रकाशनाला बुडवू शकेल एवढी रक्कम, कसलाही हिशेब न मांडता, बारा माणसांनी ठरवावी हे अन्यायाचंच होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. एवढ्या पैशांत काय काय विकत घेता येतं, त्यावर व्याज किती मिळेल, याचा विचार करायला ज्युरीला सांगावं, असंही न्यायाधीशांनी सुचवलं. शेवटी साठ हजार पौंडांवर तडजोड झाली. १९९० च्या कायद्याने अपील न्यायालयाला स्वतः रक्कम ठरवण्याचा अधिकार मिळाला. १९८९ सालच्याच दुसऱ्या एका खटल्यातली पंधरा लाख पौंडांची भरपाई १९९५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरवली. २०१३ च्या कायद्याने 'गंभीर हानी' दाखवण्याची अट आणली आणि असे खटले ज्युरीविना चालवणं हाच नियम केला. फौजदारी बदनामी त्याआधीच, २०१० च्या सुरुवातीला, हद्दपार झाली होती.

टेलिव्हिजनला एवढी मोकळीक कधीच मिळाली नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात सुरू झालेला पहिला मोठा उपहास-कार्यक्रम डिसेंबर १९६३ मध्ये बंद झाला. पुढचं वर्ष निवडणुकीचं आहे, हे कारण दिलं गेलं. नव्वदीत मात्र बातमीपत्राच्या रूपाचीच नक्कल सुरू झाली: तेच संगीत, तेच नकाशे, तोच कडक निवेदक. एका कार्यक्रमाने 'केक' नावाचं मादक द्रव्य मनाने रचलं आणि मान्यवरांना कॅमेऱ्यासमोर त्याविरुद्ध बोलायला लावलं. एका खासदाराने १९९६ साली त्याबद्दल संसदेत लेखी प्रश्नही विचारला. वृत्तवाहिनीच्या सुरात सांगितलं की काहीही खपतं, हे याहून स्पष्टपणे कोणी दाखवलेलं नाही.

ब्रिटनमध्ये वेबवरच्या उपहासात्मक बातम्यांची लाट २००७ च्या सुमाराची. तिच्या सुरुवातीलाही वृत्तपत्रांतून बाहेर पडलेले पत्रकारच होते. त्यांना मथळ्याची लांबी आणि खुलाशाची भाषा हाताशी होती. छापील पाक्षिक यात बुडेल असा अंदाज होता, पण युरोपीय संघाबाबतच्या सार्वमताच्या वर्षी, २०१६ मध्ये, त्याच्या नाताळ अंकाच्या अडीच लाखांहून जास्त प्रती खपल्या. आपला बहुतेक मजकूर ते फुकट वेबवर टाकत नाही.

एक बंधन मात्र सुटायचं नाव घेत नव्हतं. १९८९ च्या नोव्हेंबरात कॉमन्स सभागृहात कॅमेरे आले, तेव्हाच तिथलं चित्रण उपहासाच्या वा करमणुकीच्या कार्यक्रमात वापरायचं नाही अशी अट घातली गेली. २०११ च्या जुलैत एका अमेरिकी उपहास-कार्यक्रमाच्या भागात ते चित्रण होतं. तो भाग अमेरिकेत दिसला, पण ब्रिटनमध्ये दाखवता आला नाही.